“किती वेळ झाला?” विचारणाऱ्या डॉक्टरबाई

डॉक्टर सुशीलाबाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मोठमोठ्या माणसांनी लिहिलं असेल. मी शाळेत गेलेला माणूस नव्हे. गुळव्या म्हणून गूळ करण्यात जन्म गेला, अक्षरं चुलाणापाशी बसून गिरवली. पण बाईंची नि माझी ओळख कशी झाली, ते मीच सांगायला हवं.

सहा-सात वर्षं झाली. कडेगावच्या शिवारात गुऱ्हाळ लागलं होतं. माझ्या दहा वर्षांच्या तानीला सकाळीच आकडी आली. त्रास जुना; नेहमी थोड्या वेळात थांबायचा. म्हणून मुठीत किल्ली दिली, नाकाला कांदा लावला आणि वाट बघत बसलो. “हलवू नगंस, आपसूक जाईल,” असं मीच बायकोला दटावलं. ती ऐकेना.

“आवं, लय येळ झाला. उचला की पोरीला!”

शेवटी बैलगाडी जुंपली.

दवाखान्यात बाईंनी पहिलंच विचारलं, “किती वेळ झाला?”

घड्याळ कुणाकडं? म्हणालो, “रस काहिलीत चढवला तवा आली. निघालो तवा मळी काढून झालती.”

“अहो, मला गूळ करायचा नाही. मिनिटांत सांगा!”

“तासाच्या वर गेलं आसंल.”

बाईंचा चेहराच बदलला. त्यांनी तानीला कुशीवर वळवलं, तोंडाचा फेस पुसला, शिरेत सावकाश इंजेक्शन दिलं. नजर तिच्या श्वासावर. हातपाय थांबले तसे मी हात जोडले. “अजून नाही,” बाई म्हणाल्या. “पुन्हा सुरू झाली तर इथं भागणार नाही.” जीप मागवून त्या स्वतः सांगलीच्या मोठ्या इस्पितळापर्यंत आल्या, तानीचं डोकं मांडीवर घेऊन. वाटेत मला समजावत होत्या: लांबलेली आकडी मेंदूला इजा करते, श्वास अडवते. पाच मिनिटांत थांबली नाही, की कुणाची वाट बघायची नाही, निघायचं.

तिसऱ्या दिवशी तानीनं आईला हाक मारली. तेव्हा कुठं तिला बघायला पुन्हा आलेल्या बाईंनी मला इस्पितळाच्या व्हरांड्यात एकट्याला गाठलं. “हिच्या जुन्या कागदावर आकडीच्या गोळ्या लिहिल्यात. त्या कुणी बंद केल्या?”

मीच केल्या होत्या. वर्षभर आकडी नव्हती, पोर बरी झाली असं वाटलं. तसं बाईंना सांगून टाकलं. बाई रागावल्या नाहीत. “घरी सांगायचं की नाही, ते तुम्ही बघा. मी बोलणार नाही. पण आता एकही गोळी चुकता कामा नये.”

आजतागायत त्यांनी ते कुणाला कळू दिलं नाही. आज मी होऊन लिहितो आहे. हे वाचून बायको काय म्हणायचं ते म्हणो. पण माझ्यासारखे शहाणे घरोघर आहेत, त्यांना हे कळायला हवं.

तानीचा उजवा हात तेव्हापासून जरा मंद चालतो. वेणी घालायला तिला वेळ लागतो, आम्ही शेजारी बसून राहतो. बाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आमच्या भागाला सांगली अजून लांबच पडते, आणि बाईंचं दार जवळ आहे.