बोलली अक्काताई, नाव यल्लूबाईचं

बेळगुंदीच्या रचनाला रताळी लावणाऱ्या बायकांवर पीएच.डी. करायची होती. तिची आई अक्काताई जन्मभर रताळीच लावत आलेली. पण मार्गदर्शक विद्युल्लता मॅडमनी बजावलं, "घरच्यांना विचारायचं नाही. आणि लोकांत राहून अभ्यास करण्याच्या उत्तर-आधुनिक पद्धतींवरचं साहित्य वाचल्याशिवाय गावात पाऊल टाकायचं नाही."

रचना गावातच राहायची. ती चोरासारखी घरी गेली.

बेळगावच्या ग्रंथालयात 'उत्तर' एवढंच ऐकून ग्रंथपालांनी उत्तर कर्नाटकाचा इतिहास काढून दिला, तोही कानडी. मग तिनं इंटरनेटवर लेख धुंडाळले. सगळ्यांचं म्हणणं एकच: अभ्यासकानं दुसऱ्याच्या वतीनं बोलू नये, ज्याचं त्याला बोलू द्यावं. मात्र त्या लेखांत कुणी बाई दोन ओळींच्या वर बोलत नव्हती.

एका इंग्रजी लेखात मात्र तिचंच गाव निघालं. 'यल्लूबाई' नावाची शेतकरीण म्हणत होती, "रताळ्याचा वेल उलटवला न्हाय तर जागोजाग मुळं धरतोय. मला कुणी उलटवलंच न्हाय." हे वाक्य रचनानं आईच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं.

"व्हय, दिल्लीची बाई आलती की," अक्काताई म्हणाली. "नाव लपवते म्हणाली. पर यल्लूचं लावलं?"

यल्लूबाई म्हणजे अक्काताईची धाकटी जाऊ. वाटणी झाल्यापासून दोघी बोलत नव्हत्या. बातमी भिंतीपलीकडं गेली. काकू गावभर सांगू लागली, "माझं बोलणं इंग्रजीत छापून आलंय!"

रचनाच्या मेलला लेखिकेनं उत्तर दिलं: गोपनीयतेसाठी नाव बदललं, तुमच्या आईचा राग अभ्यासाच्या दृष्टीनं फार मोलाचा आहे.

मॅडम तर खूश झाल्या. "यावर एक प्रकरण लिहा. आईंची मुलाखत घ्या."

"पण त्या घरच्या, मॅडम."

"होत्या. आता त्या संदर्भ झाल्या."

रचना पहिल्यांदाच आईसमोर रेकॉर्डर घेऊन बसली.

"आधी माझं नाव घाल. आडनावासकट."

"खरं नाव चालत न्हाय गं आई. नियम हाय."

"मग मीबी बोलत न्हाय."

अक्काताई खुरपं घेऊन शेताला गेली. सध्या रचना रोज संध्याकाळी काकूकडं बसते. काकू लई बोलते, आणि नाव कुठलंही घाला म्हणते.