डावीकडे ओढणारी गाडी

गाडी डावीकडे ओढते, हे तामोत्सु कोमात्सुदाने आधी बायकोला सांगितलं, मग शेजाऱ्यांना, मग ओमागारीच्या बाजारात जो भेटेल त्याला. बर्फातले टायर काढून उन्हाळी टायर चढवल्यापासूनच ही भानगड सुरू झाली, असं त्याचं म्हणणं. रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ टायरखाली यायची, डावा आरसा कुणाच्या तरी कुंपणाला घासायचा आणि शेजारी बसलेली किनु "अहो, अहो!" करत दाराला धरून बसायची.

"हिवाळ्यातही घासला होता आरसा," किनु म्हणाली.

"तो रस्त्याकडेच्या बर्फाच्या भिंतीला. बर्फ धरायचा नाही."

त्यात सेंदाईहून मुलाचा, नोबुआकीचा, फोन आला. "बाबा, चौऱ्याहत्तर वर्षांचे झालात. लायसन्स परत करून टाका आता. नाचता येईना अंगण वाकडं, असं चाललंय तुमचं."

"अंगणं वाकडीच असतात!" तामोत्सु कडाडला. "त्या वाकडेपणावरच तुझं शिक्षण झालं!"

खोटं नव्हतं ते. जन्मभर त्याने भिंतीपासून भिंतीपर्यंत जमिनीवर बसवायच्या तातामीच्या चटया बनवल्या, आणि चारही कोपरे काटकोनात असलेली खोली त्याला अजून भेटायची होती. खोली सरळ करायच्या फंदात तातामीवाला पडत नाही. तो दोरी लावतो आणि खोली जितकी तिरकी तितकीच चटई तिरकी कापतो. बसवल्यावर सगळं सरळ दिसतं. त्यासाठी नजर लागते, आणि तामोत्सुच्या नजरेबद्दल पंचक्रोशीत कुणी ब्र काढला नव्हता. आता पोटचा पोरगा काढत होता.

"ऐक. गाडीची सरकारी तपासणी आलीच आहे, तिला गाडी मी माझ्या हाताने सरळ करून नेतो. सरळ गाडीही डावीकडे गेली, तर लायसन्स मीच पोलीस ठाण्यात नेऊन देईन," असं सांगून त्याने फोन आपटला. बोलून तर गेला, पण लायसन्स गेलं की गाडी गेली, गाडी गेली की चटया पोचवणं गेलं, म्हणजे दुकानच गेलं, हे त्याला ठाऊक होतं.

मग अंगणात महाभारत सुरू झालं. टायरमधली हवा तपासली, बरोबर. पुढचे दोन टायर आपसात बदलले. टायरचा दोष असता तर गाडी आता उजवीकडे ओढायला हवी होती. ती डावीकडेच गेली. जॅक लावून चाकं हलवून पाहिली, कुठे ढिलाई नाही. फेरी मारून आल्यावर दोन्ही चाकांना हात लावला, दोन्ही सारखीच कोमट; म्हणजे ब्रेकही अडकत नव्हता. शेवटी त्याने आपलं हुकमी शस्त्र काढलं. गाडीच्या दोन्ही बाजूंनी दोऱ्या ताणल्या आणि चाकाच्या पुढच्या कडेपासून, मागच्या कडेपासून अंतर मोजलं. चाकं सरळ.

"सरळ कशी असतील?" तो गाडीखालून ओरडला.

"मला काय विचारता? दोरी तुमची," किनु म्हणाली.

पुन्हा मोजलं. पुन्हा सरळ. गुडघे सोलले, डास चावले. रागाच्या भरात त्याने पाना फेकला तो किनुच्या वांग्याच्या रोपात जाऊन पडला, त्यावरून वेगळं भांडण झालं. आणि मग, ज्या दोरीवर आयुष्य काढलं, तिच्यावरच त्याने अविश्वास दाखवला. रस्त्यावर गाडी तिरकी जाते ना? मग चटईसारखं चाकही तिरकं बसवू. डावं चाक वळवणारा दांडा हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने गंजला होता. पान्याला पाइप लावून, बोटांची सालटी काढून त्याने तो फिरवला. स्टिअरिंग जरा तिरकं झालं, पण सकाळभर गाडी शहाण्यासारखी वागली. दुपारी रेघ पुन्हा टायरखाली. त्याने दांडा आणखी फिरवला.

अकिताच्या तपासणी केंद्रात गाडी जमिनीतल्या लोखंडी पाटावरून गेली. चाकं तिरकी असली की तो पाट सरकतो. तो सरकला, आणि फलकावर लाल फुली उमटली.

केंद्राबाहेर मोनमाचं गॅरेज होतं. तो गाडीखाली वाकला आणि हसला. "काका, हे कुणी केलं?"

"मी. डावीकडे ओढत होती."

"छे. गंजावर जुनी खूण दिसतेय बघा, नट आधी इथे होता." मोनमाने दांडा त्या खुणेपर्यंत परत आणला, गाडी गॅरेजातल्या तसल्याच पाटावरून नेली. पाट जागचा हलला नाही. "चांगल्या गाडीला कशाला छळता?"

पुढच्या फेरीत फलकावर गोल उमटला. पास! काचेवर नवा स्टिकर लागला, आणि किनुने येताना आणलेला भाताचा गोळा तामोत्सुने दोन घासांत संपवला. नोबुआकीला कसं सुनवायचं, याची जुळवाजुळव करतच तो निघाला.

भातशेतांमधला रस्ता सुतासारखा सरळ होता. स्टिअरिंगही सरळ.

"अहो!"

खडी उडाली. त्याने ब्रेक दाबला तेव्हा डावं चाक कालव्याच्या काठावर होतं आणि किनुच्या खिडकीखाली नुसतं पाणी. तिने दाराची मूठ सोडली. मग म्हणाली, "उतरा. मी चालवते."

"तू?"

"लायसन्स आहे माझ्याकडे. कपाटात का असेना, वैध आहे."

ती गोगलगायीसारखी चालवू लागली. मागचा ट्रक भोंगा वाजवत होता. तामोत्सु डाव्या बाजूला बसून रेघेवर डोळा ठेवून होता. रेघ जवळ येत नव्हती.

"हात सैल सोड जरा."

"वेड लागलंय?"

"सोड म्हणतो ना!"

तिने बोटं सैल केली. गाडी सरळ चालत राहिली. तामोत्सुने हळूच उजवा डोळा तळहाताने झाकला. समोर दूरवर रेघ होती, पण डावीकडे जवळ येता येता ती धुक्यात गेल्यासारखी नाहीशी झाली. त्याने हात काढला, डोळा पुन्हा झाकला. त्याला भयंकर राग आला, आणि तो कुणावर काढावा हे या खेपेला कळेना.

"ओढते का हो डावीकडे?" किनुने विचारलं. तिचे डोळे रस्त्यावरच होते. खोटं बोललं तरी तिला कळलं नसतं.

"नाही," तो म्हणाला. "आधी पोलीस ठाण्यावरून घे."