मालिकेला घरातलं कोण कळवतंय?

टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात सेट कमी आणि संशय जास्त साठतात! नव्वदच्या दशकात बशीरभाई आणि मी शिवाजी पेठेत असं दुकान चालवायचो. तेव्हाच्या मालिकांत हुंडा, दारू, जातपात हमखास असायचं. आणि बघणाऱ्याला वाटायचं, हे आपल्यावरच रचलंय.

*

कागलचे एक पावणं चांगला चालणारा कलर टीव्ही उचलून घेऊन आले.

"काय बिघडलंय?"

"न्हाय बिघडलं. बिघडवून द्या!"

पोराच्या लग्नात हुंडा घेतलेला. आणि मालिकेतली सून हुंड्यापायी पोलीस स्टेशनात गेलेली. "आमची सून लई लक्ष देऊन बघतीया ओ!"

बशीरभाई म्हणाले, "टीव्ही बिघडवतो की. पण सुनेला वाचता येतं न्हवं? मग पेपरपण बंद करा!"

*

तालमीतले एक वस्ताद पिऊन बायकोवर हात उचलायचे. एक दिवस तणतणत आले.

"ह्या मालिकेचा पत्ता द्या. माझ्या घरातलं तिकडं कोण कळवतंय?"

मी म्हणालो, "वस्ताद, कळवायला कशाला लागतंय? सगळ्या गल्लीला ऐकू येतं की!"

वस्ताद आल्या पावली परतले. त्यानंतर महिनाभर त्यांच्या घरातनं आवाज आला न्हाय. सुधारले म्हणावं, तर शेजारी सांगायचे, येता-जाता टपालवाल्याला अडवून बायकोची पत्रं तपासत्यात!

*

बशीरभाईंचा स्वतःचा संशय वेगळाच. एका मालिकेत मुसलमान शेजारी होता. प्रेमळ, हसरा, हिरोसाठी जीव टाकणारा.

बशीरभाई हळहळले, "गेला बिचारा."

"अहो, धडधाकट हाय की!"

"आमचा माणूस एवढा चांगला दाखवला की समजायचं, दंगलीत हिरोला वाचवताना तेराव्या भागात मरणार."

बाराव्यातच मेला! बशीरभाईंनी सोल्डरिंग गन खाली ठेवली. "बघ. एक भाग आधीच नेला."

*

आणि हा माझा. एका घरी अँटेना नीट करायला गेलतो. चित्र लागलं, तशी घरातली म्हातारी मालिका बघत रडाय लागली. जातीपायी एका पोरीचं लग्न मोडलेलं.

"कसली माणसं ही! अजून जात बघत्यात!" डोळे पुसत त्या मला म्हणाल्या, "बसा, चहा घिऊन जावा. आडनाव काय तुमचं?"

"कांबळे."

पदर डोळ्यांपाशीच थांबला. मग स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणाल्या, "सुमन, कप नको. त्या स्टीलच्या ग्लासात दे."

तसला ग्लास मला ठाऊक होता. कैक घरांत मोरीपाशी वेगळा ठेवलेला असायचा. मी पिशवी आवरायला घेतली.

सून बाहेर आली. ट्रेमध्ये स्टीलचे तीन ग्लास. तिन्ही एकसारखे, तिन्ही काठोकाठ भरलेले. एक तिनं मला दिला, एक स्वतः घेतला.

म्हातारी उरलेल्या ग्लासाकडं बघत राहिली. मग माझ्या. मग सुनेच्या.

"घ्या की आत्ती," सुमन म्हणाली. "निवतोय."