वाफेवरून ताट ओळखणाऱ्या सुमनमावशी

रोज दोन वेळचा स्वयंपाक करणाऱ्या बायांनो, "सगळे जेवले का?" हे तुम्ही रोज विचारता. तुम्हाला कुणी विचारतं?

नाही विचारत.

माझ्या ओळखीत एकच बाई हे विचारायची. ती जाऊन आज वर्ष झालं.

न्हावरे गावच्या सुमनमावशी.

मुलानं नवा फोन घेतला, जुना आईला दिला. मावशींनी पहिलं काम काय केलं? व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नाव "आज काय केलं?"

नियम एकच. सणाचं ताट टाकायचं नाही, रोजचंच टाकायचं. करपलेलं असलं तरी चालेल.

शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर, पार दौंडपर्यंतच्या बाया त्यात आल्या. कुणी कंपनीत जाणारी, कुणी गोठा सांभाळणारी. मी कॉलेजात शिकवते, मलाही घेतलं.

कुणीतरी घाबरून विचारायचं, "मावशी, आमटी खारट झाली, काय करू?"

लगेच व्हॉइस नोट. "कणकंचा गोळा सोड त्यात. आन् सासूला आज आधी भात वाढ, लई भात वाढ."

कुणाच्या भाकरीला चिरा गेल्या की, "पाणी उकळतं घेतलं व्हतं का? कोमट घेतलं असंल. आळशी हायेस."

हुलग्याच्या शेंगोळ्या ही मावशींची खासियत. त्यांचा कायदा होता : लसणाला हात आखडणारीनं शेंगोळ्यांच्या नादाला लागू नये.

गावातल्या काही घरांत मावशींच्या हातचा चहा चालत नव्हता. का, ते आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. त्याच घरांतल्या सुना मावशींची शेंगोळ्यांची रेसिपी सेव्ह करून ठेवायच्या.

मी चिडले होते. मावशी हसल्या. "मॅडम, घराला चालत न्हाई, मोबाईलला चालतंय. दार तर किलकिलं झालं!"

मी व्यासपीठावर तासभर बोलून जे सांगते, ते ही बाई परातीपुढं बसून एका वाक्यात सांगायची.

मग एक दिवस मावशींनी नवा हुकूम काढला.

"उद्यापासनं घरच्यांच्या ताटाचा फोटो नको. तुम्ही सोता जे ताट घेऊन बसता, त्याचा टाका."

ग्रुप दिवसभर गप्प. एरवी पन्नास मेसेज.

शेवटी ज्योतीनं फोटो टाकला. ज्योती म्हणजे शिक्रापूरला भाड्याच्या खोलीत राहणारी, सातवा महिना लागलेली पोर. ताट कसं? गरम भाकरी, मेथीची भाजी, डाळ, वर कांदा-लिंबू. आम्ही सगळ्यांनी अंगठे दिले.

मावशींची व्हॉइस नोट आली.

"ज्योते, भाकरीतनं वाफ निघतीय. हे ताट तुझं न्हाई. भाकऱ्या भाजणारीच्या ताटात वाफ असती व्हय?"

ज्योती टायपिंग... टायपिंग... मग थांबलं.

थोड्या वेळानं दुसरा फोटो आला. सकाळची अर्धी भाकरी, शेंगदाण्याची चटणी. बाकी ताट मोकळं.

खाली लिहिलं होतं : "सगळ्यांचं झाल्यावर भूक राहत नाही. डॉक्टर म्हणाले रक्त फार कमी आहे. पंधरा दिवसांत वाढलं नाही तर बाळाला धोका आहे."

दुसऱ्या दिवशी मी आणि मावशी एसटीनं शिक्रापूरला. मावशींच्या पिशवीत हुलगे, गूळ, पालक. मला वाटलं, आता ज्योतीच्या नवऱ्याची खरडपट्टी निघणार. मी मनात भाषण तयारच ठेवलं होतं.

ज्योतीचा नवरा सचिन फर्स्ट शिफ्ट करून नुकताच आला होता.

मावशी म्हणाल्या, "जावईबापू, कंपनीत काय करता?"

"प्रेस मशीनवर असतो, मावशी."

"मग बरं झालं. हीबी प्रेसच हाय, हातानं दाबायची. बसा परातीपुढं."

"अहो मावशी, मला न्हाई जमत!"

"मशीन पहिल्या दिवशी जमली व्हती का?"

पहिली भाकरी उचलताना निम्मी परातीतच राहिली. दुसरीवर पाणी फिरवायचं विसरला. तिसरी बरी झाली. मावशींनी ती तव्यावरून थेट ज्योतीच्या ताटात टाकली. ज्योती नको नको म्हणत होती.

पहिला घास घेतला आणि ओरडली, "मावशी, जीभ भाजली!"

"भाजंल की. सवय न्हाई तुला."

आम्ही चौघं इतके हसलो की शेजारची बाई डोकावून गेली.

माझं भाषण घशातच राहिलं. बरं झालं.

त्या दिवसापासून ज्योती आधी जेवू लागली. गोळ्या नेमानं, पालेभाजी, हुलगे. पुढच्या तपासणीत रक्त वाढलेलं निघालं. मुलगी झाली, ठणठणीत. ग्रुपवर तिच्या रडण्याचीसुद्धा व्हॉइस नोट आली. मावशींचा शेरा, "आवाज लसूण खाल्ल्यावानी हाय."

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी मावशी गेल्या. हृदयविकाराचा झटका. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, बाहेरून पिठलं-भाकरी येते. सचिन मोटरसायकलवर टोपलंभर भाकऱ्या घेऊन न्हावऱ्याला आला.

एका आजींनी विचारलं, "बायकोनं केल्या व्हय रं?"

"न्हाई आजी. मी केल्या."

आणि ज्या घरांत चहा चालत नव्हता, त्या घरांतून पिठल्याची पातेली आली. आणणाऱ्या सुना नुसतं ठेवून गेल्या नाहीत. मावशींच्या लेकींशेजारी बसून जेवल्या. मी डोळ्यांनी पाहिलं.

मावशी, कुठल्याही मोर्चानं केलं नसतं ते तुम्ही केलंत. तुम्हाला आम्हा सगळ्या जेवलेल्या बायांचा जय भीम.

आणि बायांनो, आज मेणबत्तीचे फोटो टाकू नका. आज संध्याकाळी घरातल्या एका पुरुषाला तव्यापुढं उभं करा, आणि तुम्ही सगळ्यांच्या आधी जेवायला बसा.