रिमोटच्या गाड्या आणि अर्धे ड्रायव्हर

असे किस्से कुणी गोळा करायला जात नाही. ड्रॉवरमध्ये जुन्या वायरी साठतात तसे ते साठतात, आणि एक ओढायला गेलं की चार बाहेर येतात. आमची तिघांची टोळी. मी जालन्यात सरकारी कचेरीत कारकून, कुलकर्णी सर परतूरचे निवृत्त सायन्स टीचर, आणि दत्ताचं वडीगोद्रीला हायवेला लागून मोटार रिवाइंडिंगचं दुकान. दर रविवारी सकाळी दुकानामागच्या खोलीत आम्ही जमतो आणि तळहातावर मावणाऱ्या मॉडेल गाड्यांमध्ये मोटर, बॅटरी, रिसीव्हर कोंबून त्या रिमोटवर पळवतो. या वयात हे कशाला, असं आमच्या बायका आधी विचारायच्या. आता विचारत नाहीत. फक्त गाड्या ठेवलेल्या खोलीत एकट्या जात नाहीत!

* * *

रिसीव्हरची त्याच्या रिमोटशी ओळख करून द्यावी लागते, त्याला आम्ही ‘बाइंड करणं’ म्हणतो. एकदा मी जीप बाइंड केली आणि ऐटीत फरशीवर पुढे सोडली. मागे धाडकन आवाज! वळून बघतो तर शेल्फवरची बस खाली पडलेली. मी घाईत दोन्ही रिसीव्हर एकाच रिमोटला बांधले होते आणि बसचा स्विच चालूच राहिला होता. जीप पुढे गेली, तशी बसही पुढे गेली. शेल्फ तेवढं लांब नव्हतं.

दत्ता म्हणाला, “भाऊ, आधी मागं बघायचं, मंग पुढं जायचं!”

या किश्श्याचं कारण आम्हाला सापडलं. म्हणून तो सगळ्यात आधी सांगतो.

* * *

सरांनी एक ट्रॅक्टर केला, काडेपेटीपेक्षा जरा मोठा. चार स्क्रू काढले, मोटर बसवली, चारही स्क्रू परत लावले. हलवून पाहिला तर आत काहीतरी खुळखुळतंय. उघडला. आत सुटं काहीच नाही. बंद केला, पुन्हा खुळखुळ. असं पाच वेळा झालं. सहाव्यांदा दत्तानं पेचकस हातात घेतला तसा सरांनी त्याचा हात धरला.

“राहू दे. जो कोण आहे, त्याला बसू दे!”

* * *

मग ती पडलेली लाल बस. दुरुस्त केली, पण सरळ जाईना, सारखी डावीकडे ओढायची. रिमोटवरचं, चाकं सरळ करायचं ट्रिम फिरवलं, चाकं वळवणारा सर्व्हो बदलला, पुढचा अॅक्सल नवा टाकला. बस डावीकडेच. शेवटी तिला टेबलावर उलट्या तोंडानं ठेवली. आता ती उजवीकडे वळली! म्हणजे काहीही केलं तरी तिला खोलीच्या एकाच भिंतीकडे जायचं होतं.

सर पार वैतागले. “त्या भिंतीत आहे तरी काय?”

दत्ता शांतपणे म्हणाला, “भिंतीत काही न्हाई सर. भिंतीपल्याड स्टँड हाय.”

* * *

सरांनी परतूरला त्यांच्या गल्लीत एक पांढरी अॅम्ब्युलन्स चालवून पाहिली. ती नेमकी समोरच्या लोखंडी फाटकापाशी जाऊन थांबली. तिथे सिग्नल तुटत असावा. फाटक होतं एका ऐंशीच्या घरातल्या काकांचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिथेच. काका काठी घेऊन बाहेर आले.

“मास्तर, ही गाडी माझ्या दारात बिलकुल नको! मी काय मरून राह्यलो का?”

सर ओशाळले, माफी मागितली. तिसऱ्या दिवशी त्यांनी गाडी काढलीच नाही. दहाच्या सुमारास काकांनी स्वतः येऊन दार वाजवलं. काठी नव्हती, अंगात धुतलेला सदरा होता.

“मास्तर, आज गाडी आली न्हाई?”

* * *

आता दत्ताच्या वहिनींचा किस्सा. हा आम्ही सहसा सांगत नाही.

दत्ताचा मोठा भाऊ साहेबराव ट्रक चालवायचा. सात वर्षांपूर्वी माल घेऊन गेला. ट्रक रस्त्याच्या कडेला उभा सापडला, किल्ली लावलेली, आत कोणी नाही. ट्रक त्याच्या मालकानं नेला. साहेबरावाचा काहीच पत्ता लागला नाही. वहिनी धावड्याला सासऱ्यांजवळ, नानांजवळ, राहतात. कुंकू लावतात, वाट बघतात. यंदा नानांनी ठरवलं, देह नाही तर दर्भाचा पुतळा करून मुलाचा अंत्यविधी उरकायचा. वहिनी तयार होईनात. शेवटी म्हणाल्या, “एकदा त्यांची गाडी अंगणात आलेली बघू द्या. मंग तुम्ही म्हणाल तसं करते.”

दत्तानं साहेबरावाच्या ट्रकचं हुबेहूब मॉडेल करायला घेतलं. केशरी केबिन, हिरवी पट्टी, टपावर ताडपत्री. एवढ्याशा केबिनमध्ये रिसीव्हर आणि बॅटरी बसवायची तर ड्रायव्हरच्या पायांची जागा लागते. म्हणून आम्ही सगळे प्लॅस्टिकचे ड्रायव्हर कमरेतून कापतो. वरचा अर्धा काचेतून दिसला की काम झालं. दत्तानं करवत घेतली आणि तसाच बसून राहिला.

“भाऊ, ह्याला कापायला माझा हात होत न्हाई.”

ड्रायव्हर अख्खा बसवला. मग हेडलाइटच्या वायरींना जागाच उरली नाही. मी दिवे रद्द केले आणि त्यांच्या जागी चंदेरी रंगाचे दोन ठिपके दिले.

धावड्याला आम्ही भर दुपारी पोचलो. नाना ओट्यावर पंचांग घेऊन बसले होते. वहिनी दारात. दत्तानं ट्रक फाटकाजवळ, लिंबाच्या सावलीत ठेवला आणि हळूहळू आणला. अंगणातल्या वळणावर, सावलीतच, तो थांबला. दत्ताचा अंगठा रिमोटवर दाबलेलाच होता.

ट्रकचे हेडलाइट लागले. विझले. पुन्हा लागले, विझले. मग ट्रक सरळ ओट्याशी येऊन उभा राहिला.

सरांनी “ऊन चमकलं...” म्हणत वर लिंबाकडे पाहिलं. मी ट्रक उचलून उलटा केला. ना वायर, ना दिवा. रंगाचे दोन ठिपके. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू?

वहिनींच्या चेहऱ्यावर भीती अजिबात नव्हती. पदर खोचून म्हणाल्या, “वळणावरून दोनदा डिपर द्यायचे ते. मी पाणी तापायला ठेवावं म्हणून.”

आणि आत गेल्या. चुलीवर हंडा ठेवल्याचा आवाज आला. मग त्यांची हाक आली, “भावजी, दांडीवरचा टॉवेल काढून ठेवा!”

दत्ता जागचा हलला नाही. नानांनी पंचांग मिटलं, काठी टेकत अंगण ओलांडलं आणि फाटकाची कडी काढून ठेवली.