सासूबाईंचा पांढरा अंबाडा

रंग खेळायचा दिवस जवळ आला की कोपऱ्यावरच्या पार्लरवाल्या बाई गिऱ्हाइकं परत पाठवायला लागत. स्वतःचा धंदा बुडवायची इतकी हौस दुसऱ्या कुणाला असेलसं वाटत नाही. कुणी ब्लीचला आलं, फेशियलला आलं, की बाई शांतपणे सांगत, "तोंड म्हणजे काय भिंत आहे, आधी घासायची आणि मग रंगवायची? सोललेल्या कातडीवर रंग चुरचुरतो. सण होऊ दे, मग ये." गिऱ्हाईक नाक मुरडून जाई आणि सणानंतर निमूट परत येई.

एवढा वट असलेल्या बाईंचं घोडं अडलं होतं ते घरातच. सासूबाईंचा अंबाडा कापसासारखा पांढरा. सून घरात यायच्या आधी एका सणाला कुणीतरी त्यावर पक्का हिरवा रंग ओतला होता. सासूबाई कितीतरी दिवस डोक्याला रुमाल बांधून वावरल्या आणि तेव्हापासून सगळी गल्ली खाली दंगा करत असताना त्या वर पडद्याआड उभ्या राहत. कुणी बोलावलं तर गुडघे दुखतात म्हणून सांगत. गुडघे ठणठणीत होते. दुखत होतं ते मन.

यंदा पोस्टातून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकूंनी जिन्यात टोमणा मारला, की घरात केसांची डॉक्टर असून सासू पडद्याआड, म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या हाताला गुण दिसत नाही. तो सुनेच्या कानावर आला. भाजी निवडता निवडता तिने जाहीर केलं, की यंदा आई खाली उतरणार आणि अंबाडा जाईल तसाच परत येईल. नवऱ्याने हळूच विचारलं, नाही आला तर? तर जिन्यात सगळ्यांसमोर म्हणेन की मला या कामातलं ओ की ठो कळत नाही, असं सांगून तिने पुढची जुडी ओढली.

आदल्या संध्याकाळी सासूबाईंना खुर्चीत बसवलं. पांढरा केस म्हणजे टीपकागद, जे दिसेल ते पिऊन टाकतो. म्हणून त्याला आधीच पोटभर तेल पाजायचं, हे सुनेचं शास्त्र. मुळापासून टोकापर्यंत तेल, घट्ट वेणी, तिचा अंबाडा, वर सुती रुमाल. सकाळी चेहऱ्याला जाड क्रीम, कानामागे, मानेला, बोटांच्या बेचक्यांत तेल, ओठांना व्हॅसलीन आणि नखांना नेलपॉलिश. "भजी तळायला काढल्यासारखं वाटतंय," सासूबाई म्हणाल्या. पण लांब बाह्यांचा जुना झगा चढवून जिना उतरल्या त्या कठड्याला हातसुद्धा न लावता.

खाली त्यांनी आधी काकूंना गाठलं. इतक्या वर्षांचा हिशेब चुकता करून परतल्या तेव्हा चष्म्याच्या काचा सोडून सगळं जांभळं होतं. आणि इथेच घात व्हायचा होता. बाहेरून आलं की थेट न्हाणीघर, कडकडीत पाणी आणि कपड्यांचा साबण, ही सासूबाईंची जन्माची शिस्त. सून चप्पल काढेपर्यंत आतून कडी लागली आणि बादलीत नळ सुटला.

सून दाराशी धावली. सासूबाईंशी ती कधी वरच्या आवाजात बोलली नव्हती. आज दुकानातला आवाज बाहेर आला.

"आई, पाणी घेऊ नका. कडी काढा."

"अगं, अंग नुसतं चिकचिकतंय."

"चिकचिकू दे. त्या तेलानेच रंग अडवून धरलाय. साबणाने तेल आधी जाईल आणि रंग आत शिरेल."

"ओरडतेस कुणावर?"

"गिऱ्हाइकावर."

आत नळ बंद झाला. मग कडी निघाली.

सुनेने त्यांना गच्चीत नेलं, कोरड्या टॉवेलने रंग हलकेच झटकला, चेहऱ्याला पुन्हा तेल लावून कापसाने टिपला, न घासता. केस मोकळे करून झाडले आणि मगच कोमट पाणी, शाम्पू. उन्हात केस वाळले ते कापसासारखे पांढरे. नवरा बघतच राहिला. सून म्हणाली, "यात बघण्यासारखं काय आहे?" आणि न्हाणीघर धुवायला गेली.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी, ऐन गर्दीत, सासूबाई पार्लरमध्ये हजर. चेहरा पडलेला. बागेतल्या बाकावरच्या मैत्रिणींना त्या रंग खेळल्या हे काही केल्या पटत नव्हतं. पोस्टातल्या काकूंचा एक कान अजून जांभळा होता, त्यामुळे सगळा मान त्यांना. आणि काकू साक्ष द्यायला तयार नव्हत्या.

सासूबाई रिकाम्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी अंबाड्याचा आकडा काढला. "इथे कानापाशी एक बट रंगवून दे. जाणार नाही असा रंग लाव."

बसलेली गिऱ्हाइकं कान टवकारून ऐकत होती. सुनेने हसू दाबलं, त्यांच्या कोपराच्या आत थेंबभर रंग लावला आणि कातडी काय म्हणते ते बघून उद्या बट रंगवू, असं सांगितलं. तोवर छटा निवडून ठेवा म्हणून नमुन्यांचं कार्ड हातात दिलं. सासूबाई ते घेऊन दारात उजेडाला गेल्या आणि दुकानदाराने दाखवलेलं पहिलं कापड कधीच पसंत न करणाऱ्या माणसासारख्या एकेक छटा नापसंत करू लागल्या.