आत्मारामचा खरबरीत चंद्र

माहीमच्या आत्माराम गवंड्याच्या गिलाव्यावर माशी बसली तर घसरेल, असं लोक म्हणायचे. पण मागच्या साली तो परांचीवरून पडला आणि उजवं मनगट मोडलं. हाड सांधलं, पण गिलावा सपाट करायचा रंधा फिरवताना हात कापायला लागला. भिंतीवर लाटा उठायच्या. ठेकेदारांनी बोलावणं सोडलं. बोईसरला कारखान्यात असलेल्या धीरजनं बापासाठी गेटवर वॉचमनची जागा बघून ठेवली.

"सोमवारपर्यंत सांगा, बाबा."

तेवढ्यात गावच्या शाळेतल्या उत्कर्षाबाईंनी काम दिलं. अंगणातल्या गोल चौथऱ्यावर सिमेंटचा चंद्र करायचा, पोरांना हात लावून बघता यावा असा.

आत्माराम धीरजला म्हणाला, "एवढा चंद्र करतो. जमला तर थापी, नाय तर शिट्टी."

पहिल्या दिवशी त्यानं डाव्या हातानं जीव तोडून चौथरा घोटला. आरशासारखा केला. बाई आल्या नि हसू दाबत म्हणाल्या, "काका, हा चंद्र की कॅरमची सोंगटी?"

"बाई, आमी उभा जन्म खरबरीतपणा पुसला."

"इथे तो करायचाय. चंद्रावर डोंगराएवढे धोंडे आदळले. खड्डा एका जागी पडला, पण उडालेला राडारोडा शेकडो कोस जाऊन पडला. तिथली जमीनही खडबडीत झाली. मोठा आघात लांबवर उमटतो."

दुसऱ्या दिवशी त्यानं नवा थर दिला आणि वाटी दाबून, चमच्यानं कोरून खड्डे केले. सगळे गोल, सगळ्यांच्या कडा साफ. बायको काशीबाई चहा घेऊन आली. चौथऱ्याला फेरी मारून म्हणाली, "आप्पेपात्र बरं जमलंय."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"खड्डे कोरलेले दिसतात. पडलेले नाय दिसत."

आत्माराम चहा प्यायला. चहा संपला तसा उठला आणि माल ओला होता तोवर सगळा थर खरवडून काढला. नवा माल पसरला. मग एक चांगला धोंडा उचलून डोक्यावर नेला नि सोडला.

धप्प! मधे खोल खड्डा पडला, भोवती कडा उठली, माल पार चौथऱ्याच्या टोकापर्यंत उडाला. जिथे शिंतोडा पडला तिथे बारका खड्डा, त्याच्या शेजारी आणखी बारका. काशीबाईच्या लुगड्यावरही चंद्र उमटला.

आणि आत्मारामचा हात सवयीनं रंध्याकडे गेला. सांडलेला माल पुसणं हा गवंड्याचा धर्मच! तिनं मनगट धरलं, तेच मोडलेलं.

"ऱ्हाऊ द्या. काल तुमीच सांगितलंत ना, बाई काय म्हणाल्या ते. उडालेलं तेच कामाचं."

मग धोंडे पडत गेले, मोठे, मध्यम, मुठीएवढे. खड्ड्यावर खड्डा पडला, जुन्या कडा नव्या राड्याखाली गेल्या. कापऱ्या हाताचं इथे काही अडलं नाही. शेवटी बाईंनी चंद्राच्या चित्रात दाखवलेले काळे डाग उरले. पूर्वी लाव्हा भरून सपाट झालेली ती मैदानं. तेवढी त्यानं रंध्यानं घोटली. हात थोडा कापला. मैदानावर बारीक लाटा उठल्या, त्या त्यानं राहू दिल्या.

सोमवारी बाईंनी पोरांना डोळे मिटायला लावले. बोटं मैदानावरून निघाली, हळूहळू खरबरीत लागलं, मग जास्त, मग एकदम खड्ड्यात गेली.

"सापडला!" पोरं ओरडली.

बाई म्हणाल्या, "ही रोज घासतील. दोन वर्षांत कडा बोथट होतील बघा. चंद्रावरही बारक्या खड्यांच्या माऱ्यानं तसंच होतं, फक्त सावकाश."

"होऊ द्या बोथट," आत्माराम म्हणाला. "दोन वर्सांनी परत धोंडा टाकू. आमी कुठं जातोय?"

तिथूनच त्यानं धीरजला फोन लावला. "त्या गेटवर दुसरा माणूस बघ रं. शिट्टी आपल्याला वाजवता येत नाय."

फोन खिशात घालून तो चौथऱ्याशी बसला नि थापीवरचं वाळलेलं सिमेंट नखानं काढायला लागला.